गौरव आणि शल्य

स्वातंत्र्यदिनी शाळेच्या पटांगणावर तिरंगा फडकतो आणि शेकडो मुले एका सुरात देशगीत गातात. त्या वेळी प्रत्येकाची मान ताठ होते. हिमालय आणि सह्याद्री, गंगा आणि गोदावरी, शिवरायांचे गड, संतांचे अभंग आणि हुतात्म्यांचे बलिदान या साऱ्यांची आठवण त्या सुरांत मिसळलेली असते. आपण एका थोर भूमीची लेकरे आहोत, ही जाणीव मनाला बळ देते.

परंतु पटांगणाच्या कुंपणाबाहेर याच देशाचे दुसरेही रूप दिसते. शाळेच्या वेळी कामावर निघालेले एखादे मूल, डोक्यावर हंडा घेऊन पाण्यासाठी दूरवर चाललेली एखादी माउली, कर्जाने वाकलेला शेतकरी, केवळ जातीमुळे अपमान सोसणारा माणूस, हेही याच भूमीचे रहिवासी आहेत. मग मनात प्रश्न उभा राहतो, की गीत खरे मानावे की हे दृश्य खरे मानावे?

मराठीतील थोर कवींनी या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही. त्यांनी देशाचा गौरव मनापासून गाइला आणि देशबांधवांची दुःखेही तितक्याच तळमळीने सांगितली. आई आपल्या लेकराची दृष्ट काढते, आणि त्याच्या पायात रुतलेला काटाही तीच काढते. दृष्ट काढताना तिच्या डोळ्यांत कौतुक असते. काटा काढताना तिचा हात थोडा कठोर होतो, लेकरू रडते. तरी दोन्ही वेळी तिच्या मनातील माया एकच असते. देशभक्तीच्या कवितेचेही असेच आहे. गौरव आणि शल्य ही एकाच प्रेमाची दोन रूपे आहेत.

ही गोष्ट आज सहज पटते. पण एके काळी तिच्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद माजला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देश परक्यांच्या सत्तेखाली होता. आधी ही सत्ता दूर करावी, की आधी समाजातील दोष दूर करावेत, असा तो वाद होता. लोकमान्य टिळकांना वाटे, की स्वराज्य हेच पहिले कार्य होय. परकीय सरकारच्या कायद्यांनी समाजाची सुधारणा करून घेणे त्यांना मान्य नव्हते. गोपाळ गणेश आगरकर यांना वाटे, की जो समाज आपल्याच माणसांना हीन लेखतो, त्याने स्वतःचे दोष झाकून ठेवू नयेत. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढले आणि रूढींवर निर्भयपणे टीका केली. १८९५ साली पुण्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. तोपर्यंतच्या प्रथेप्रमाणे सामाजिक परिषदही सभेच्याच मंडपात भरावयाची होती. परंतु विरोध झाल्यामुळे तिला वेगळी जागा पाहावी लागली. देशाचा अभिमान आणि समाजाची सुधारणा यांना जणू दोन मंडप मिळाले.

हे दोन मंडप कवितेत एकत्र आणण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत केशवसुतांचे नाव पहिले घ्यावे लागते. कृष्णाजी केशव दामले हे त्यांचे पूर्ण नाव. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे १८६६ साली त्यांचा जन्म झाला. टिळक आणि आगरकर या दोघांनीही जेथे अध्यापन केले, त्या पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले. पुढे मुंबई, खानदेश, धारवाड अशा ठिकाणी त्यांनी शिक्षकाची साधी नोकरी केली. १९०५ साली प्लेगच्या साथीत, वयाच्या चाळिशीच्या आतच, त्यांचा अंत झाला. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी मराठी कवितेचे वळण बदलून टाकले.

पारतंत्र्याचे दुःख केशवसुतांना तीव्रतेने जाणवत होते. ‘एका भारतीयाचे उद्गार’ या कवितेत ते त्यांनी व्यक्त केले आहे. देशाच्या गतवैभवाची आठवण आणि वर्तमान दास्याची खंत तिच्यात आहे. परंतु याच कवीने ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविताही लिहिली. तिच्यातील मूल कोणत्याही राजाविरुद्ध बोलत नाही. समाजाने त्याला अस्पृश्य मानले आहे, त्याची सावलीही नको असे म्हटले आहे. आणि असे का, हा त्याचा साधा प्रश्न आहे. मोठमोठ्या पंडितांना निरुत्तर करील असा हा प्रश्न एका लहान मुलाच्या तोंडी घालून कवीने वाचकाला अंतर्मुख केले. परक्यांनी भारतीयांना तुच्छ लेखले म्हणून ज्याला राग येतो, त्याने स्वतः कोणाला तुच्छ लेखले आहे का, हेही पाहिले पाहिजे. या दोन कविता शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे हा विचार आपोआप मनात येतो.

केशवसुतांची ‘तुतारी’ ही कविता तर मराठी माणसाच्या विशेष परिचयाची आहे. तुतारी हे रणवाद्य होय. पूर्वी ती फुंकली जाई, ती बाहेरून चालून आलेल्या शत्रूवर तुटून पडण्यासाठी. केशवसुतांनी ती घरातल्या शत्रूविरुद्ध फुंकली. जुन्या, निर्जीव रूढी, भोळ्या समजुती, आळस आणि विषमता हे ते शत्रू होत. वीरश्रीची भाषा तीच, आवेशही तोच. पण रणांगण मात्र आपल्याच समाजाचे. वीररसाची कविता सुधारणेच्या कामी कशी येते, याचा हा उत्तम नमुना आहे.

केशवसुतांनंतर स्वातंत्र्याची चळवळ देशभर पसरली आणि कवितेत क्रांतीचा स्वर घुमू लागला. १९४२ साली कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली. ‘चले जाव’च्या त्या वर्षी या संग्रहातील क्रांतीचे गीत तरुणांना फार भावले. परंतु ‘विशाखा’ हा केवळ क्रांतिगीतांचा संग्रह नव्हे. ‘लिलाव’ या कवितेत गरिबाच्या घरातील चीजवस्तू बोलीवर चढतात आणि वाचकाचे मन गलबलून जाते. ‘आगगाडी व जमीन’ या कवितेत उन्मत्त आगगाडी जमिनीला तुडवीत निघते. बलवानाने दुर्बलाला चिरडले, तर अखेर काय होते, याचे ते चित्र आहे. ज्या पुस्तकात स्वातंत्र्याचा जयघोष आहे, त्याच पुस्तकात दीनदुबळ्यांचा आक्रोशही आहे. परकी सत्ता गेली, पण गरिबाच्या घराचा लिलाव तसाच होत राहिला, तर त्या गरिबाला स्वातंत्र्य कसे दिसणार, हा प्रश्न संग्रह मिटल्यावर मनात रेंगाळतो.

कुसुमाग्रजांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. हा लढा पुढे काही वर्षे चालला. १९३२ साली तरुण वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच पुढील काळातील कुसुमाग्रज, या सत्याग्रहात सहभागी झाले होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. समतेची ओढ त्यांच्या कवितेत नुसत्या शब्दांतून आलेली नव्हती.

शब्द आणि कृती यांचा असा मेळ सर्वांत ठळकपणे दिसतो तो साने गुरुजींच्या जीवनात. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते. १९३० साली नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहाच्या चळवळीत उडी घेतली आणि अनेकदा कारावास भोगला. ‘श्यामची आई’ हे पुस्तकही त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. भारत सामर्थ्यशाली व्हावा, त्यासाठी आपले सर्वस्व वेचावे, अशी आकांक्षा त्यांनी आपल्या देशगीतांतून गाइली. प्रेम हाच धर्म मानणारी त्यांची प्रार्थना तर महाराष्ट्रातील असंख्य शाळांतून म्हटली जाते. दीनांना आणि पीडितांना जवळ करावे, हा तिचा भाव आहे.

परंतु केवळ गीत रचून गुरुजींच्या मनाला स्वस्थता लाभेना. पंढरपूरचा विठोबा हे महाराष्ट्राचे आराध्य दैवत. त्याच्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर संत चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबांचे अभंग शतकानुशतके भक्तिभावाने गाइले जात होते. पण चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना मात्र मंदिराचे दार बंद होते. ज्याचे शब्द मंदिरात चालतात, त्याची माणसे मंदिरात का चालू नयेत? साने गुरुजींना ही विसंगती असह्य झाली.

तो काळ कोणता होता, हेही पाहिले पाहिजे. १९४७ साल उजाडले होते. स्वातंत्र्य दाराशी येऊन ठेपले होते आणि सर्वांचे डोळे दिल्लीकडे लागले होते. अशा वेळी मंदिरप्रवेशाचा प्रश्न काढू नये, असे म्हणणारे लोक होते. गुरुजींचा विचार उलट होता. स्वातंत्र्याचा सूर्योदय होत असताना आपल्याच काही बांधवांनी देवाच्या दारात ताटकळत उभे राहावे, हे त्यांना लाजिरवाणे वाटत होते. त्यांनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावी सभा घेतल्या आणि लोकांची मने वळविली. तरीही मंदिराचे दार उघडेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. दिवसेंदिवस त्यांचा देह क्षीण होत गेला. महाराष्ट्रभर चिंता पसरली. अखेर त्याच महिन्यात बडव्यांनी मंदिर सर्वांसाठी खुले करण्यास संमती दिली आणि गुरुजींचे प्राण वाचले. पुढे अवघ्या तीन महिन्यांत, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला.

भारत बलवान व्हावा असे गाणारा कवी पंढरीच्या दाराशी उपाशी का बसला, याचे उत्तर त्याच्या गीतांतच आहे. ज्या घरातील भावंडे एकमेकांना दूर लोटतात, ते घर बलवान होत नाही. गुरुजींचे देशगीत आणि गुरुजींचे उपोषण या दोन वेगळ्या गोष्टी मानता येणार नाहीत.

देशभक्तीचा हा स्वर पुस्तकी कवितेपुरता मर्यादित राहिला नाही. विदर्भातील राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी तो खंजिरीच्या तालावर खेडोपाडी नेला. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली त्यांचा जन्म झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या भजनांनी लोक पेटून उठले, म्हणून परकीय सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी आपल्या खंजिरीचा रोख गावाकडे वळविला. ‘ग्रामगीता’ या त्यांच्या ओवीबद्ध ग्रंथात गावाची स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, श्रमदान यांचा विचार आहे. लग्नातील उधळपट्टी, व्यसने, अस्पृश्यता यांवर त्यांनी प्रहार केले. देश म्हणजे अखेर गावांचा समूह. म्हणून गावातील उकिरडा दूर करणे हीसुद्धा देशसेवाच होय, असे त्यांनी सोप्या शब्दांत लोकांच्या मनावर बिंबविले.

शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी हाच स्वर गिरणगावात उभा केला. १९२० साली वाटेगाव येथे एका गरीब, उपेक्षित कुटुंबात ते जन्मले. शालेय शिक्षण त्यांना जवळजवळ लाभलेच नाही. मुंबईत येऊन त्यांनी मिळेल ते काम केले, गिरणीत राबले आणि जगाच्या शाळेत शिकले. त्यांच्यापूर्वी पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटामाटाची लावणी गाइली होती. अण्णा भाऊंनीही मुंबईची लावणी रचली; पण तिच्यात श्रीमंतांच्या हवेल्यांबरोबर कष्टकऱ्यांच्या कोंदट वस्त्याही आल्या. शहर तेच होते. पाहणारा मात्र वेगळ्या पायरीवर उभा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घरोघरी पोहोचली. पोटासाठी मुंबईला आलेल्या कामगाराला गावी राहिलेल्या पत्नीची आठवण येते. आणि त्या विरहातच शाहिराने महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या मराठी मुलखाचे दुःख गुंफले आहे. एका गरीब संसाराची ताटातूट आणि एका प्रदेशाची ताटातूट या दोन्ही एकाच सुरात ऐकू येतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यामागे अशा शाहिरांची डफावरची थाप होती.

या सर्व उदाहरणांवरून कोणी असे समजू नये, की देशाची स्तुती करणारी कविता कमी योग्यतेची असते. पारतंत्र्यात खचलेल्या समाजाला स्वतःच्या सामर्थ्याची ओळख करून देणे हे फार मोठे काम होते. कवी विनायक यांनी इतिहासातील तेजस्वी स्त्रियांवर कविता लिहून ते केले. गोविंदाग्रजांनी महाराष्ट्राचे स्तोत्र रचले, तेव्हा येथील फुलांबरोबर येथील दगडधोंड्यांनाही त्यांनी मान दिला. राजा बढे यांच्या गीताचेही तसेच आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते महाराष्ट्राचे राज्यगीत झाले आहे. त्यात नद्या आणि पराक्रम यांचा अभिमान आहे. त्याचबरोबर येथील माणसाने सोसलेले दारिद्र्य आणि गाळलेला घाम यांचीही नोंद आहे. ते गीत म्हणताना केवळ सुरावटीत रमून जाऊ नये. त्यातील या शब्दांकडेही लक्ष द्यावे.

मात्र दोन टोके टाळावी लागतात. केवळ स्तुतीच ऐकत राहिल्यास माणूस गाफील होतो. सारे काही उत्तम आहे असे ज्याला वाटते, तो काही सुधारावयास जात नाही. उलट, केवळ दोषच ऐकत राहिल्यास माणूस निराश होतो. या मातीत चांगले काही उगवतच नाही, असे ज्याने ठरविले, तो पेरणी तरी कशाला करील? चांगली राष्ट्रीय कविता अभिमानाने बळ देते आणि त्या बळाला कामही नेमून देते. चोखोबांचा अभंग हे महाराष्ट्राचे भूषण आहे. आणि चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का, हा महाराष्ट्राने स्वतःला विचारावयाचा प्रश्न आहे. भूषण ठाऊक नसेल, तर प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही. आणि प्रश्न विचारला नाही, तर भूषण सांगण्याचा अधिकार उरणार नाही.

२६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. केशवसुतांच्या कवितेतील मुलाने जो प्रश्न विचारला होता, त्याला देशाने दिलेले हे उत्तर होते. पण कायद्याने दिलेले उत्तर माणसांच्या वागण्यात उतरावे लागते. शाळेच्या बाकावर शेजारी कोण बसले आहे याची जात न विचारणे, डब्यातील घास वाटून खाणे, शाळा सुटलेल्या मित्राला पुन्हा वर्गात आणण्यासाठी धडपडणे, या गोष्टी लहान दिसतात. पण मोठमोठ्या कवींनी ज्याची आस धरली, तो भारत अशाच गोष्टींतून घडतो. ध्वजापुढे गाइलेले गीत पटांगणावर संपते. त्याचा अर्थ मात्र घरी, गावात आणि वर्गात जगावयाचा असतो.

शब्दार्थ

शल्य – मनाला सतत टोचणारे दुःख. दास्य – गुलामगिरी. अंतर्मुख – स्वतःच्या मनात डोकावून पाहणारा. ज्ञातिबांधव – आपल्या जातीचे लोक. विसंगती – मेळ नसणे. प्राणांतिक – प्राण जाईपर्यंत चालावयाचे. बडवे – पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील त्या काळचे वंशपरंपरागत पुजारी. छक्कड – शाहिरी गीताचा एक प्रकार. गाफील – बेसावध.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आगरकरांनी कोणते पत्र काढले? केव्हा?
(आ) केशवसुतांनी तुतारी कोणत्या शत्रूंविरुद्ध फुंकली?
(इ) संत चोखामेळ्याची समाधी कोठे आहे?
(ई) तुकडोजी महाराजांनी लोकजागृतीसाठी कोणते वाद्य वापरले?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे चार-पाच वाक्यांत लिहा.
(अ) दृष्ट काढणाऱ्या आणि काटा काढणाऱ्या आईचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
(आ) १९४७ साली मंदिरप्रवेशाचा प्रश्न काढू नये, असे काहींना का वाटले असावे? साने गुरुजींचा विचार कोणता होता?
(इ) पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे यांच्या मुंबईच्या लावण्यांत कोणता फरक आहे?

३. कारणे द्या.
(अ) केवळ स्तुती ऐकणारा माणूस गाफील होतो.
(आ) गावातील उकिरडा दूर करणे ही देशसेवाच होय.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
पाठ फिरविणे, दाराशी येऊन ठेपणे, मन गलबलून जाणे, मनावर बिंबविणे.

५. संधी सोडवा.
सूर्योदय, सत्याग्रह, निरुत्तर, निर्जीव.

६. उपक्रम : तुमच्या आवडीचे एक देशगीत वहीत उतरून घ्या. त्यात गौरव कशाचा आहे आणि कोणते दुःख किंवा कोणती इच्छा सांगितली आहे, ते वेगवेगळे लिहा. मग आपल्या गावातील किंवा वस्तीतील एक उणीव निवडून, ती दूर करण्यासाठी वर्गातील मुलांना काय करता येईल, यावर दहा ओळी लिहा.